जुने हाय-फाय स्पीकर आणि अ‍ॅम्प्लिफायर : निवड आणि जोडणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘जुनं’ म्हणजे साधारण १९५५ ते १९८५ या काळातली घरगुती यंत्रं धरली आहेत. शोभेसाठी नाही, रोज गाणं ऐकण्यासाठी ती घेणाऱ्यांचे हे प्रश्न आहेत.

आधी स्पीकर घ्यायचे की अ‍ॅम्प्लिफायर?

आधी खोली मोजा, मग स्पीकर घ्या, आणि त्या स्पीकरना पेलेल असा अ‍ॅम्प शेवटी. बाजारात नेमकं उलटं होतं. जाड अ‍ॅल्युमिनियमचे नॉब, निळसर उजळणारी डायल, हलणारे काटे बघून माणूस रिसीव्हर (आत रेडिओही असलेला अ‍ॅम्प) उचलतो आणि मग त्याला जोडायला काहीतरी स्पीकर शोधत फिरतो. आवाजाचा स्वभाव स्पीकर आणि खोली मिळून ठरवतात. नीट दुरुस्त केलेले, सारख्या वॉटचे दोन ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प एकाच स्पीकरवर लावले तर फरक ओळखायला कान टवकारावे लागतात. स्पीकर बदललेत तर स्वयंपाकघरातल्या माणसालाही कळतं.

हॉल १० बाय १२ चा आहे. १२ इंची वूफरचे (खालचे सूर वाजवणाऱ्या भागाचे) मोठे स्पीकर चालतील का?

वाजतील, पण बहुधा घुमतील. १२ फुटांवर समोरासमोर असलेल्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा सूर अडकून फुगतो, १० फुटांच्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा. आरसीसीच्या भिंती आणि खाली गुळगुळीत टाइल्स असल्या की तो लवकर विरतही नाही. मोठा वूफर नेमका तिथेच जोर लावतो. मग तबल्याचा बायाँ प्रत्येक ठेक्याला एकाच सुरात ‘बूं’ करतो आणि तो कोण वाजवतंय हेच कळेनासं होतं.

अशा खोलीत ५ ते ८ इंची वूफरचे, बंद पेटीचे स्पीकर सहसा सुखाचे ठरतात. ते मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणि कोपऱ्यापासून लांब ठेवा, ट्वीटर (वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) बसल्यावर कानाच्या उंचीवर येऊ द्या. आपल्याकडे स्पीकर शोकेसच्या कप्प्यात, वरती गणपती आणि बाजूला ट्रॉफ्या अशा थाटात बसवतात. त्या कप्प्यात भारी स्पीकरही डब्यातून बोलल्यासारखा वाटतो. पेटीच्या मागे भोक असेल आणि भिंतीपासून लांब ठेवायला जागाच नसेल, तर भोकात एक जाड मोजा कोंबून बघा. बेस कमी होतो, पण सुटा होतो.

स्पीकरमागे ‘८ ओहम’ लिहिलंय, अ‍ॅम्पवर ‘४ ते १६ ओहम’. म्हणजे जमलं का?

जमलं. ओहम म्हणजे विजेला होणारा रोध. स्पीकरवरचा आकडा ढोबळ असतो, प्रत्यक्षात तो सुरागणिक बदलतो. ८ ओहमचा स्पीकर कुठेतरी ६ पर्यंत उतरतो, कुठे २०-३० च्या वर जातो. लक्षात ठेवायचं ते इतकंच, की ओहम जितके कमी तितका अ‍ॅम्पवर भार जास्त. ‘किमान ८ ओहम’ लिहिलेल्या अ‍ॅम्पला ४ ओहमचा स्पीकर लावलात तर हळू आवाजात महिनोन्‌महिने काही होणार नाही, आणि एखाद्या लग्नाच्या रात्री आउटपुट ट्रान्झिस्टर जातील.

अ‍ॅकॉस्टिक रिसर्चचा एआर-३ए हे या बाबतीतलं नावाजलेलं प्रकरण. ४ ओहमचा, बंद पेटीचा, आवाज सुरेख, पण करंट मागणारा. त्याला किरकोळ अ‍ॅम्प लावू नका. उलट टोकाला बीबीसीच्या आराखड्यावर बनलेला मूळचा एलएस३/५ए १५ ओहमचा आहे (१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात ११ ओहमचा झाला). अ‍ॅम्पवर त्याचा भार कमी, पण अ‍ॅम्पमधून वॉटही कमी निघतात.

व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्या असलेल्या) अ‍ॅम्पला मागे ४, ८, १६ असे वेगवेगळे टर्मिनल असतात. स्पीकरच्या आकड्याचं टर्मिनल वापरा. आणि व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प स्पीकर न जोडता कधीही चालू करून आवाज वाढवू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. ट्रान्झिस्टरच्या अ‍ॅम्पचं उलट असतं. त्याला मोकळं राहणं चालतं, वायरी एकमेकींना टेकलेल्या चालत नाहीत.

किती वॉट पुरतात?

वॉटचा आकडा एकटा वाचायचा नसतो, शेजारी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ठेवायची. १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल, तो हा आकडा. एलएस३/५ए ८३ च्या आसपास आहे, बरेच घरगुती स्पीकर ८७ ते ९० मध्ये, क्लिप्शचा हेरेसी ९६ च्या घरात.

आता हिशेब करा. वॉट दुप्पट केले की फक्त ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज ‘दुप्पट’ वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॉट. ९० च्या स्पीकरला २० वॉट जो आवाज देतील, तो ८३ च्या स्पीकरकडून काढायला १०० वॉट लागतील. तेवढे त्या छोट्या पेटीला सोसणारही नाहीत. म्हणून ८३ चा स्पीकर लहान खोलीत, जवळ बसून ऐकणाऱ्याने घ्यावा. गणपतीत सोसायटीला ऐकवायला तो नाही.

१९७८ साली आलेला एनएडी ३०२० फक्त २० वॉटचा होता, तरी अवघड भाराचे स्पीकर त्याने लोकांच्या घरी निभावले, कारण क्षणिक जोर आणि करंट द्यायची त्याची तयारी होती. उलट, ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडे ‘१००० वॉट पीएमपीओ’ची स्टिकरं लावून जी यंत्रं विकली गेली, त्यांतली बरीच प्रत्यक्षात १०-१५ वॉटची असायची. पीएमपीओला (क्षणभरच्या फुगवलेल्या कमाल वॉटना) अर्थ नाही, आरएमएस (सतत देता येणारे वॉट) बघा. अमेरिकन आणि जपानी यंत्रांबाबत एक सोय आहे: १९७४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने वॉट कसे मोजून जाहीर करायचे याचा नियम लागू केला, त्यामुळे त्यानंतरच्या रिसीव्हरांचे छापील आकडे बऱ्यापैकी विश्वासाचे असतात. मॅरँट्झ २२७० वर लिहिलेले ७० वॉट खरोखर ७० आहेत.

आणखी एक. कमी वॉटचा अ‍ॅम्प सुरक्षित असतो, ही समजूत चुकीची. छोटा अ‍ॅम्प पूर्ण पिळला की आवाज फाटतो, आणि त्या फाटलेल्या आवाजात ट्वीटर जातात.

शास्त्रीय आणि नाट्यसंगीत जास्त ऐकतो. कोणते स्पीकर बघावेत?

गळा ऐकायचा असेल तर इंग्लिश घराण्याकडे वळा: स्पेंडर, रॉजर्स, हार्बेथ, केईएफ, जुने व्हार्फडेल. एलएस३/५ए बीबीसीने बाहेरच्या प्रसारणाच्या गाड्यांसाठी १९७०च्या दशकात तयार केला. जेमतेम फूटभर उंचीची पेटी, केईएफचा बी११० वूफर, टी२७ ट्वीटर. निवेदकाचा आवाज माणसाच्या आवाजासारखा येतोय ना, ही त्याची परीक्षा होती. तानपुऱ्याची जवारी, ख्यालातला श्वास, हार्मोनियमच्या भात्याची फुसफुस तो समोर आणून ठेवतो. पखवाजाचा दणका मात्र त्याच्याकडे मागू नका.

जेबीएलचा एल१०० सेंच्युरी (१९७०) याच्या अगदी उलट वृत्तीचा: १२ इंची वूफर, पुढे चौकड्यांची फोमची जाळी, आवाज अंगावर येणारा. आर.डी.च्या ऑर्केस्ट्रासाठी मजा आणतो. निवांत विलंबित ख्याल मला त्यावर जरा दामटल्यासारखा वाटतो, पण हे माझं मत. यामाहाचा एनएस-१०००एम दोन्ही करतो, मात्र रेकॉर्डिंगमधली प्रत्येक चूकही ऐकवतो. त्याचे मधल्या आणि वरच्या सुरांचे डोम (घुमटाकार पडदे) बेरिलियम धातूचे आहेत. तुटलेला डोम असेल तर हात लावू नका, त्याची धूळ श्वासातून जाणं घातक आहे. क्वाडचा १९५७ चा इलेक्ट्रोस्टॅटिक (विद्युतभारित पडद्याने वाजणारा) स्पीकर गळ्यासाठी आजही थक्क करतो, पण त्याच्या पडद्यांवर हजारो व्होल्ट असतात. धूळ आणि दमट हवा त्याला सोसत नाही. मुंबई-कोकणात राहणाऱ्याने तो मित्राकडे ऐकावा.

भारतीय बनावटीचं जुनं काही घेण्यासारखं आहे का?

आहे. सोनोडाइन ही १९७० साली सुरू झालेली कोलकात्याची कंपनी, तिचे जुने स्पीकर आणि अ‍ॅम्प आजही घराघरांत सापडतात. कॉस्मिकचे अ‍ॅम्पही बरेच आहेत, दुरुस्तीला सोपे. फिलिप्सचा कारखाना पुण्याजवळ लोणी काळभोरला होता, त्यामुळे पुण्याकडे फिलिप्सची यंत्रं आणि ती उघडून बसलेले जुने कारागीर दोन्ही भेटतात. या यंत्रांचा मोठा फायदा म्हणजे ती २३० व्होल्टसाठीच बनलेली आहेत आणि त्यांचे बरेचसे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात तपकीर गल्लीत मिळून जातात.

स्पीकर विकत घेताना काय काय तपासू?

जाळी काढायला लावा. विक्रेता ‘ती निघत नाही’ म्हणाला तर समजून जा.

वूफरच्या कडेला कोन (हलणारा शंकू) आणि लोखंडी चौकट यांच्यामध्ये जी वळी असते, ती सराउंड. ती रबराची, कापडाची किंवा फोमची असते. फोम साधारण १५ ते २५ वर्षांत मरतो, आपल्या दमट हवेत लवकरच. नखाने अगदी हलकं टेकवून पाहा: मेलेला फोम काकवीसारखा बोटाला चिकटतो किंवा भुकटी होऊन खाली पडतो. हा दोष जीवघेणा नाही, नवा फोम चिकटवता येतो. पण किंमत त्या हिशेबाने ठरवा. एल१०० आणि एनएस-१०००एम यांचे सराउंड कापडाचे, एलएस३/५ए चा रबराचा, त्यामुळे तिथे ही कटकट नाही. फोम बदलताना वळीचा आकार आणि मऊपणा मूळच्यासारखा हवा. दुकानदाराकडे पडलेला जाड, ताठ फोम बसवला की वूफर हलतच नाही आणि बेस गायब होतो.

मग दोन्ही हातांची बोटं कोनच्या मध्यापासून सारख्या अंतरावर ठेवून तो अलगद आत दाबा आणि सोडा. कान जवळ ठेवा. खर्र असा बारीक आवाज आला तर कॉइल (कोनमागचं तारेचं वेटोळं) चुंबकाला घासतेय. कॉइल वाकली असेल किंवा कोणीतरी फोम वाकडा बसवला असेल.

एक साधा १.५ व्होल्टचा सेल बरोबर न्या. स्पीकरच्या टर्मिनलांना क्षणभर टेकवला की कोन हलायला हवा, आणि दोन्ही स्पीकरमध्ये एकाच दिशेने. धनला धन लावल्यावर बहुतेक कोन बाहेर येतात, पण जेबीएलची बरीच जुनी युनिट आत जातात. ते बिघडलेले नाहीत, कंपनीची तशीच पद्धत होती. महत्त्व जोडी सारखी असण्याला. एक बाहेर आणि एक आत जात असेल तर कोणीतरी आतल्या वायरी उलट्या लावल्यात, बेस एकमेकांना खाऊन टाकेल. सेल नेहमी क्षणभरच टेकवा.

ट्वीटर कानाजवळ जाऊन वेगळा ऐका. पूर्ण मेलेला ट्वीटर बाजारातल्या गलक्यात लक्षात येत नाही. वूफर चालू असतो, गाणं ऐकू येतं, माणूस पैसे देऊन मोकळा होतो. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात गेलात तर हे विशेष सांभाळा. शेवटी मागचे सिरियल नंबर पाहा, जोडीचे आकडे लागून असले तर उत्तम.

स्पीकरमधले कंडेन्सर बदलावे लागतात का?

क्रॉसओव्हरमध्ये (वूफर आणि ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये) इलेक्ट्रोलायटिक (आत रसायन असलेले) कंडेन्सर असतील तर ४० वर्षांनी बहुधा हो. लक्षण म्हणजे वरचे सूर मिटल्यासारखे, किंवा एक बाजू दुसरीपेक्षा मंद. त्याच मूल्याचे घ्या आणि दोन्ही पेट्यांतले एकाच वेळी बदला. महागडे फिल्म कंडेन्सर घालून ‘अपग्रेड’ करण्यात फारसा अर्थ नाही. कधीकधी मूळ कंडेन्सरचा अंतर्गत रोधही आराखड्यात धरलेला असतो आणि नवा लावला की ट्वीटर टोचायला लागतो.

जपानहून आलेला १०० व्होल्टचा अ‍ॅम्प घ्यावा का?

घ्या, पण आधी मागे बघा. पूर्वी आखातात नोकरीला गेलेल्यांनी आणलेल्या जपानी यंत्रांना मागे बहुतेक वेळा व्होल्टेज बदलायचा खटका असतो, ११०-१२०-२२०-२४० असा. तो योग्य जागी वळवला की झालं. अलीकडे कंटेनरने येणारा माल मात्र जपानच्या घरगुती बाजारातला, फक्त १०० व्होल्टचा. त्याला स्टेप-डाउन (व्होल्ट उतरवणारा) ट्रान्सफॉर्मर लागतो.

दुकानात सहज मिळतो तो ११० व्होल्टचा. म्हणजे १० टक्के जास्त, शिवाय आपली लाइन रात्री २४० च्या वर गेली तर आणखी. जुन्या अ‍ॅम्पसाठी मी तो वापरत नाही. ट्रान्सफॉर्मर गुंडाळणाऱ्याकडून १०० व्होल्टचा बनवून घ्या. अ‍ॅम्प ३०० वॉट खात असेल तर ५०० व्हीएचा. आणि तो स्टॅबिलायझर नाही, हे घरातल्यांना सांगून ठेवा.

रेकॉर्ड प्लेअरचं वेगळं. त्याची मोटर जर लाइनच्या फ्रिक्वेन्सीवर चालणारी असेल, तर अमेरिकेतला ६० हर्ट्झचा प्लेअर इथे ५० वर ३३⅓ ऐवजी २८ च्या आसपास फेरे घेईल आणि गाणं दोन-तीन सुरांनी उतरेल. ट्रान्सफॉर्मरने हे सुटत नाही, मोटरची पुली बदलावी लागते. टेक्निक्स एसएल-१२०० सारख्या डायरेक्ट ड्राइव्हला (मोटरवरच तबकडी फिरवणाऱ्या प्लेअरला) हा त्रास नाही.

माळ्यावर २० वर्षं पडलेला अ‍ॅम्प सापडलाय. लावून बघू?

थेट नको. इलेक्ट्रिशियन वापरतात तो सिरीज बोर्ड घ्या, त्यात ६० किंवा १०० वॉटचा जुना पिवळा बल्ब लावा (एलईडी चालत नाही) आणि त्यातून अ‍ॅम्प चालू करा. स्पीकर जोडू नका. व्हॉल्व्हचा असेल तर हा उद्योग कारागिरावर सोडा. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर आशा आहे. तसाच लख्ख राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा.

पुढची पायरी मल्टिमीटर. आवाज शून्यावर ठेवून स्पीकरच्या टर्मिनलांवर डीसी व्होल्ट मोजा. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर निश्चिंत, १०० च्या वर गेले तर कारागीर गाठा. २०-३० व्होल्ट दिसले तर तुम्ही वूफर जाळण्यापासून वाचलात. नंतरच स्पीकर, आणि तेही पहिल्यांदा एखादे फुटकळ. नॉब फिरवताना खरखर येत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारून वीस-तीस वेळा फिरवा. तेल घालू नका.

अ‍ॅम्पच्या मागे पाच टोकांची गोल सॉकेटं आहेत. यात काय लावायचं?

ती डिन सॉकेटं. फिलिप्स, ग्रुंडिग आणि बऱ्याच युरोपीय यंत्रांना असतात. पाच टोकांचं इनपुटचं, तर एक चपटं आणि एक गोल टोक असलेलं स्पीकरचं. डिन ते आरसीए (लाल-पांढऱ्या पिनांची) अशी तयार केबल मिळते. पण केबल घेऊन ‘फोनो’च्या (रेकॉर्ड प्लेअरसाठीच्या) सॉकेटात मोबाइल लावू नका, कर्कश फाटेल. मोबाइल, टीव्ही, ब्लूटूथचा डबा हे सगळं ‘ऑक्स’ किंवा ‘टेप’ला.

रेकॉर्ड प्लेअर जोडल्यावर आवाज अगदी बारीक येतो.

प्लेअर ‘ऑक्स’ला लावलाय. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून (सुई बसवलेल्या डबीतून) जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात, त्यांना ‘फोनो’ इनपुट किंवा वेगळा प्रीअ‍ॅम्प लागतो. मूव्हिंग कॉइल असेल तर त्याच्याही दहावा हिस्सा. उलट, एचएमव्हीच्या जुन्या पेटी-प्लेअरांत सिरॅमिक कार्ट्रिज असायचं, ते बरंच जास्त व्होल्ट देतं. त्याला ‘फोनो’ला लावलंत तर आवाज फाटतो.

घरात ७८ च्या तबकड्या असतील (आपल्याकडे त्या साठच्या दशकातही निघत होत्या) तर सुई वेगळी लागते. एलपीची सुई सुमारे १८ मायक्रॉनची, ७८ ची साधारण ७५ ची. एलपीची सुई ७८ च्या खोबणीत तळाला घासत जाते आणि फक्त खरखर ऐकवते. प्लेअर घेतानाच ७८ चा वेग आहे का बघा: गॅरार्ड ३०१ आणि ४०१ मध्ये आहे, टेक्निक्स एसएल-१२००एमके२ मध्ये नाही. शुअरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, पण त्यांच्या जुन्या मॉडेलांसाठी इतरांच्या सुया मिळतात.

अ‍ॅम्पच्या ए आणि बी टर्मिनलांना स्पीकरच्या दोन जोड्या एकदम लावू का?

दोन्ही जोड्या ८ ओहमच्या असतील तर बहुतेक अ‍ॅम्पना एकूण ४ दिसतात, अ‍ॅम्प ४ ला तयार असेल तर लावा. ४-४ च्या दोन जोड्या नकोत.

स्पीकरची वायर किती भारी घ्यावी?

घरच्या वायरिंगची २.५ स्क्वेअर एमएमची तांब्याची लवचीक वायर. ५ मीटर अंतराला जाऊन-येऊन तिचा रोध ०.०७ ओहमच्या आसपास. यापेक्षा जास्त पैसे फोमवर खर्च करा.

लाउडनेसचं बटण चालू ठेवायचं की बंद?

रात्री हळू ऐकताना चालू, एरवी बंद. हळू आवाजात कानाला खालचे आणि वरचे सूर कमी ऐकू येतात, ते बटण तेवढी भर घालतं. दुकानदार ते दाबूनच यंत्र दाखवतो, म्हणून तपासताना आधी बंद करा.

पावसाळ्यात काय काळजी घ्यावी?

रोज तासभर वाजवा, एवढ्याने निम्मं काम होतं. आतली ऊब ओल घालवते. प्लास्टिकचं कव्हर घालू नका, सुती कापड टाका. समुद्राजवळ राहत असाल तर स्पीकर रिले (स्पीकर आपोआप जोडणारा खटका) आणि इतर खटक्यांवर काळपट थर चढतो आणि एक बाजू येते-जाते, वर्षातून एकदा साफ करून घ्या. पेटी भुश्याच्या बोर्डची असेल तर जमिनीपासून उचलून ठेवा, फरशी पुसताना खालची कड फुगते.

आजोबांचा मोठा रेडिओग्राम (रेडिओ आणि रेकॉर्ड प्लेअर एकाच पेटीत) आहे. त्यातले स्पीकर काढून नव्या अ‍ॅम्पला लावू का?

काढू नका. ते स्पीकर त्या उघड्या पाठीच्या लाकडी पेटीसाठी आणि ५-७ वॉटसाठी बनलेले आहेत, बाहेर काढले की बेस राहत नाही. शिवाय त्यातलं आउटपुट ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकर ही जोडी आहे. रेडिओग्राम सुरूच करायचा असेल तर व्हॉल्व्ह जाणणाऱ्या कारागिराकडून आधी जुने कागदी कंडेन्सर बदलून घ्या. त्याला मोबाइल जोडायचा असेल तर सेट ‘एसी/डीसी’ प्रकारचा तर नाही ना, हे विचारा. त्या प्रकारात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो, चासिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) थेट लाइन येऊ शकते, आणि ती केबलमधून तुमच्या हातातल्या फोनपर्यंत पोचते.